पिकअप आणि पुतण्या

"काका, पिकअप बदलायचंय," बारामतीहून पुतण्याचा फोन आला. आम्हा इंदापूरकरांना पिकअप म्हणजे एक तर डाळिंबं वाहणारी गाडी, नाही तर एस.टी.च्या थांब्याची शेड. याला बदलायचं होतं इलेक्ट्रिक गिटारीतलं! तारांखाली बसवलेलं लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. गिटार म्हणे कानात सुई टोचते.

आवाज टोचला की पिकअप बदला, हा सल्ला देणाऱ्यांवर माझा राग आहे. आमटी तिखट झाली म्हणून कुणी चूल बदलतं का?

बारामतीला जाऊन टोनचं बटण फिरवलं. ढिम्म! स्ट्रॅटोकास्टरची ही १९५४ पासूनची खोड. जुन्या घडणीत ब्रिजजवळच्या पिकअपला टोन जोडलेलाच नसतो, आणि आवाज सगळ्यांत टोकदार असतो तो नेमका तिथेच. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून वायरचा एक तुकडा डाख देऊन जोडून घेतला, पिकअप स्क्रूने जरा खाली उतरवलं, टोन थोडा कमी केला. टोचणं थांबलं.

आता, विजेची ५० हर्ट्झची घरघर ऐकू येत असेल, तर ते खरं दुखणं. त्यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ साली दोन वेटोळ्यांचं हंबकर शोधून ठेवलंय. तिथे जरूर पैसे घाला.

पण पुतण्या खट्टूच. त्याला आवाज कुठे बदलायचा होता हो? त्याला खरेदी करायची होती!