कुत्रा चावला, जबाबदार कोण?

मोहल्ल्यात कुत्रा चावला की दोन तट पडतात, कुत्रे हवेत आणि कुत्रे नकोत. कायदा मात्र एवढंच विचारतो: जबाबदारी कुणाची?

कुत्रा पाळीव असेल तर मालकाची. मुंबई-पुण्यात पाळण्यासाठी महापालिकेचा परवाना लागतो. जनावराबाबतच्या निष्काळजीपणामुळे माणसाच्या जिवाला धोका झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे 6 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कुत्रा भटका असेल तर 2023 च्या नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी. त्यानंतर त्याला मूळ जागीच सोडायचं. पिसाळलेले व आक्रमक कुत्रे, तसंच शाळा-इस्पितळांची आवारं यांचा अपवाद सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये केला.

रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. म्हणून आपसात भांडण्यापेक्षा वॉर्ड ऑफिसला लेखी विचारा: आमच्या भागात किती कुत्र्यांची नसबंदी झाली, किती जणांना लस टोचली? अर्जाची पोच घ्या. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही, आणि नोंदच नसेल तर जाब कुणाला विचारणार?