अर्ध्या मार्गावरून बीडच्या रेल्वेचा निकाल लावू नका

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड–अहिल्यानगर गाडीला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हिरवा झेंडा दाखवला. त्या दिवशी स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दी ओसरली आणि कुरकुर सुरू झाली. एसटी तीन तासांत नगरला पोचवते, रेल्वेला साडेपाच तास लागतात. डबे मोकळे धावतात. एवढे हजार कोटी सिंचनात घातले असते तर जिल्हा तरी सुधारला असता. असं बोलणारी माणसं बीडचीच आहेत आणि त्यांच्या बोलण्यात तथ्यही आहे. म्हणूनच त्यांना नीट उत्तर दिलं पाहिजे.

गाडी संथ आहे, हे खरंच. नगर–बीड हे १६७ किलोमीटर अंतर कापायला साडेपाच तास म्हणजे फारच झाले. त्यात सुरुवातीचं वेळापत्रक असं, की गाडी सकाळी नगरहून सुटणार, दुपारी बीडला पोचणार आणि लगेच परत फिरणार. दवाखान्याची फाइल, रिपोर्ट आणि भाकरीचा डबा पिशवीत घालून पुण्याला निघालेल्या बीडच्या माणसाला ही गाडी संध्याकाळी नगरला सोडते. पुढची रात्र त्याने काढायची कुठे? तो एसटीनेच जाणार. पण हा दोष वेळापत्रकाचा आहे. रूळ टाकायला तीस वर्षं गेली. वेळापत्रक बदलायला रेल्वेचा एक आदेश पुरतो. शिवाय मंजूर मार्ग बीडपर्यंतचा नाहीच. तो अहिल्यानगर–बीड–परळी वैजनाथ असा २६१ किलोमीटरचा आहे. आज गाडी जिथे थांबते तिथून पुढे वडवणी, सिरसाळा, परळी हा पट्टा बाकी आहे. विहीर अर्धी खणून पाणी लागत नाही म्हणून ती बुजवायची नसते.

पैशाचा आक्षेप मला उलट दिशेने महत्त्वाचा वाटतो. १९९५-९६ मध्ये हा मार्ग मंजूर झाला तेव्हा खर्चाचा अंदाज साडेतीनशे कोटींच्या आसपास होता. आता तो ४,८०० कोटींवर गेला आहे आणि त्यातला निम्मा वाटा राज्य सरकारचा आहे. केशरकाकू क्षीरसागरांपासून गोपीनाथ मुंडेंपर्यंत बीडच्या नेत्यांनी पाठपुरावा केला, पण वर्षानुवर्षं अर्थसंकल्पात तुटपुंजी तरतूद होत राहिली. आष्टीपर्यंतचे पहिले ६६ किलोमीटर व्हायला २०२२ साल उजाडलं, म्हणजे सत्तावीस वर्षं गेली. पुढचे शंभर किलोमीटर मात्र तीन वर्षांत झाले. पैसा वेळेवर आला की काम होतं, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? खर्च फुगला तो दिरंगाईने. उरलेलं काम आता रेंगाळलं तर तो आणखी फुगेल.

सगळ्यात वजनदार आक्षेप परळीचा आहे. परळीला निजामाच्या काळापासून रेल्वे आहे, औष्णिक वीज केंद्रही आहे. तरीही परळी तालुक्यातली माणसं दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातातच ना? मग बीडला रेल्वे येऊन काय बदलणार?

इथे इतिहास पाहायला हवा. बीड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं. निजामाच्या रेल्वेची तोंडं हैदराबादकडे होती. १९०० साली सुरू झालेला मनमाड–सिकंदराबाद मार्ग जालना, परभणी, नांदेडहून गेला आणि बीड शहर बाजूला राहिलं. परळीही विकाराबाद आणि परभणीला जोडली गेली. संस्थान गेलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि बीडच्या माणसाची वाट पश्चिमेला वळली. त्याची मुलं पुण्यात शिकतात आणि तिथेच नोकरी शोधतात, मोठ्या दुखण्याला तो पुण्याचाच दवाखाना गाठतो. ऊसतोडीची उचल घेतलेली कुटुंबंही बहुतेक पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांवरच जातात. रेल्वे मात्र जुन्याच दिशेला राहिली. परळीहून पुण्याला जाणाऱ्या गाडीला आजही लातूर–कुर्डुवाडीचा वळसा पडतो. नवा मार्ग जिल्ह्याला प्रथमच त्या दिशेने नेतो, जिकडे त्याची माणसं खरोखर जातात. परळीचा दाखला म्हणूनच इथे लागू पडत नाही.

रेल्वेने ऊसतोड थांबेल, असं मी म्हणत नाही. ते पाण्याचं, जमिनीचं आणि मजुरीचं काम आहे. ते वेगळं लढावं लागेल.

शेजारच्या लातूरकडे पाहा. बार्शी लाइटची अरुंद रेल्वे ब्रॉडगेज झाली आणि लातूरहून मुंबईची थेट गाडी धावू लागली; आज तिचं आरक्षण मिळवताना नाकी नऊ येतात. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं, तेही टाक्यांच्या वाघिणी जातील असे रूळ होते म्हणून. त्याच वर्षी बीडही तहानलेलं होतं. कोणी मनात आणलं असतं, तरी बीडला पाण्याची गाडी आणता आली नसती.

आता तिकीट बघा. बीड–नगर रेल्वेचं साधं तिकीट पन्नास रुपयांच्या आत आहे, एसटीला दोनशेच्या वर पडतात. बाईला एसटीत अर्धं तिकीट लागतं, तरी रेल्वे निम्म्याहून स्वस्तच. दोन पोरं पुण्याच्या वसतिगृहात असलेल्या घराला हा फरक महिन्याला जाणवतो. मालाचंही तसंच. खताची रॅक दूरच्या मालधक्क्यावर उतरते आणि तिथून ट्रकचं भाडं चढतं. ते शेवटी शेतकऱ्याच्याच डोक्यावर बसतं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बालाघाटातलं हे फळ पिकल्यावर दोन-तीन दिवसांतच विकावं लागतं. संध्याकाळी चढवलेली पेटी पहाटे पुण्या-मुंबईच्या बाजारात उतरली, तर मानांकनाचे पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतील.

म्हणून बीडकरांनो, गाडी रिकामी आहे म्हणून तिच्याकडे पाठ फिरवू नका. लोकप्रतिनिधींकडे चार गोष्टींचा आग्रह धरा: रात्री बीडहून निघून सकाळी पुण्याला पोचणारी थेट गाडी, बीडला सुसज्ज मालधक्का, प्रत्येक गाडीच्या वेळेला स्टेशनवर एसटी, आणि परळीपर्यंतच्या कामाला दर वर्षी पुरेसा निधी. तीस वर्षं मागणी लावून धरणाऱ्या जिल्ह्याने शेवटच्या टप्प्यावर गप्प बसू नये.