कायदा रुग्णांचा, भार कक्षसेवकांचा

एखाद्याचे बोलणे जरा भरकटले की ‘याला ठाण्याला पाठवा’ असे थट्टेने म्हणण्याची रीत मुंबईपासून कल्याणपर्यंत जुनी आहे. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ मध्ये सुरू झाले आणि त्याचा धसका लोकभाषेत पिढ्यान्‌पिढ्या मुरला. ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याण येथील एखाद्या सामान्य कुटुंबावर ही थट्टा कधीतरी खरी होऊन उलटते. घरातला कमावता मुलगा रात्ररात्र जागा राहतो, शेजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असे म्हणू लागतो, जेवणात विष असल्याच्या संशयाने ताट भिरकावतो. आधी अंगारेधुपारे होतात, मग खासगी उपचार होतात. तो खर्च झेपेनासा झाला की ते कुटुंब धिम्या लोकलने दिवा, मुंब्रा, कळवा मागे टाकीत ठाण्याला येऊन पोहोचते.

दाखल करून घेण्याचे सोपस्कार आटोपून नातेवाईक परततात, तेव्हा रुग्ण कोणाच्या हाती राहतो? डॉक्टरांच्या, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात मनोविकारतज्ज्ञाची फेरी रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटे येते. परिचारिकेला औषधे आणि नोंदी यांतून सवड नसते. उरलेला दिवस आणि सारी रात्र रुग्णाच्या सोबतीला असतात ते कक्षसेवक आणि कक्षसेविका. रुग्णांचे ‘मामा’ आणि ‘मावशी’. मानसिक आरोग्यावर इतके बोलले जात असतानाही या वर्गाविषयी कोणी बोलत नाही.

त्यांचे काम वरकरणी साधे दिसते. रुग्णांना उठविणे, आंघोळ घालणे, दाढी-नखे पाहणे, जेवू घालणे, पाळी बदलताना डोकी मोजणे. पण मनोरुग्णालयात या प्रत्येक कामाला दुसरा अर्थ असतो. गोळी दिली म्हणजे ती गिळली असे नव्हे. ती जिभेखाली दडविली नाही ना, हे पाहावे लागते. गप्प बसलेला रुग्ण शांत झाला आहे की मनात आत्महत्येचा बेत पक्का करून बसला आहे, हे ओळखावे लागते. ओढणी, नाडी, फुटलेली काच यांवर नजर ठेवावी लागते. औषधांमुळे लाळ गळू लागली, हात थरथरू लागले, पावले जखडली तर ते बहुधा प्रथम दिसते ते कक्षसेवकाला. त्याने ते वेळीच सांगितले तर डॉक्टर मात्रा बदलतात; न सांगितले तर पुढच्या फेरीपर्यंत रुग्ण सोसत राहतो. हे कौशल्याचे काम आहे. व्यवस्था मात्र त्याला हमालीच्या पंक्तीत बसविते.

कायद्याने या क्षेत्रात मोठी मजल मारली आहे, यात शंका नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका आश्रमाला आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. त्या घटनेने देश हादरला, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढे १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याची जागा २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने घेतली आणि तो २०१८ मध्ये लागू झाला. नव्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास, भूल न देता विजेचे झटके देण्यास आणि एकांतकोठडीत डांबण्यास मनाई केली. सक्तीने केशवपन करण्यासही त्याने मज्जाव केला.

या कायद्याचे ९७ वे कलम मुळातून वाचण्यासारखे आहे. रुग्णाला शारीरिक बंधनात ठेवायचे तर तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच उरलेला नसावा, मनोविकारतज्ज्ञाची संमती असावी, अवधी अत्यावश्यक तेवढाच असावा आणि रुग्णाच्या प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवावे, असे ते सांगते. शिक्षा म्हणून बंधन घालता येणार नाही, तसेच केवळ कर्मचारी कमी आहेत या सबबीवरही घालता येणार नाही, असेही त्यात बजावले आहे.

कायदा करणाऱ्यांना कक्षातील वास्तव ठाऊक होते, याचाच हा पुरावा. पण मनाई लिहिणे सोपे असते. समजा, रात्री अडीच वाजता पन्नास रुग्णांच्या कक्षात एक कक्षसेवक आहे आणि दोन रुग्ण एकमेकांच्या अंगावर धावून गेले. समजावून, अंतर राखून, आवाज न चढविता प्रसंग निवळण्याचे तंत्र असते. परंतु ते शिकवावे लागते आणि त्यासाठी हाताशी दुसरा माणूस असावा लागतो. दोन्ही नसेल तेव्हा उरते ते बळ. मग कधी रुग्णाला मार बसतो, कधी कक्षसेवक जखमी होतो. पहिल्या प्रसंगी चौकशी लागते, दुसऱ्या प्रसंगी मलमपट्टी होते. रुग्णाला मारहाण करणाऱ्याची गय होता कामा नये, हे निर्विवाद. तथापि माणसे न नेमणारा आणि न शिकविणारा चौकशीच्या कक्षेत कधी येत नाही.

आरोग्यसेवकांवरील हिंसाचार रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा केला, हे खरे. पण त्याचा रोख तोडफोड करणाऱ्या जमावाकडे आहे. भ्रमाच्या भरात हात उगारणाऱ्या रुग्णावर गुन्हा नोंदवून काय साधणार? तेथे संरक्षण मिळते ते पुरेशा मनुष्यबळाने आणि प्रशिक्षणाने.

विसंगती अशी की २०१७ च्या कायद्यातील मानसिक आरोग्य व्यावसायिकाच्या व्याख्येत मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसोपचार परिचारिका आणि सामाजिक कार्यकर्ते येतात. कक्षसेवक येत नाही. कायद्याची अंमलबजावणी ज्याच्या हातांनी व्हायची, तो कायद्याच्या दृष्टीला जवळजवळ दिसतच नाही. त्यात शासकीय रुग्णालयांतील चतुर्थ श्रेणीची कामे बाह्ययंत्रणेकडून कंत्राटी पद्धतीने करून घेण्याकडे शासनाचा कल आहे. सफाईची मोजदाद चौरस फुटांवर करता येईल. पण मनोरुग्णाचा विश्वास अकरा महिन्यांच्या करारावर कसा बसावा? महिनोन्‌महिने अबोल असलेला रुग्ण ज्या एका चेहऱ्याकडे पाहून घास घेऊ लागतो, तो चेहराच ठेकेदार बदलला की नाहीसा होतो.

बरे झालेल्या रुग्णांचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेमुळे, बरे होऊनही वर्षानुवर्षे मनोरुग्णालयांत खितपत पडलेल्यांचा विषय मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. ज्यांना न्यायला कोणी येत नाही, त्यांचे घर म्हणजे कक्ष आणि नातलग म्हणजे कक्षसेवक. बाहेर पडण्यापूर्वी पैसे मोजणे, स्वयंपाक करणे, एकट्याने लोकलचा प्रवास करणे हे पुन्हा शिकवायचे तर रोजची सोबत लागते. ती देणारा मनुष्य केवळ पहारेकरी राहिला, तर रुग्णही केवळ कैदी राहतो.

ठाणे-मुलुंड दरम्यानच्या नियोजित स्थानकासाठी मनोरुग्णालयाची जागा देण्याचा मार्ग २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या निर्णयाने मोकळा झाला. रुग्णालयाच्या पुनर्बांधणीची योजनाही पुढे आली. नवी इमारत हवीच. पण इमारतीचा आराखडा निघतो, खाटा मोजल्या जातात. त्या खाटांशेजारी रात्री कोण जागणार, याचा आराखडा कुठे आहे? गुजरातेत शासकीय मानसिक आरोग्य संस्थांमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘क्वालिटीराइट्स’ उपक्रमाखाली कर्मचाऱ्यांना रुग्णहक्कांचे प्रशिक्षण देण्यात आले. सेवेचा दर्जा आणि कर्मचाऱ्यांची दृष्टी दोन्ही सुधारल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. शिकविले तर फरक पडतो, हे त्यातून सिद्ध झाले आहे.

तेव्हा रुग्णसंख्येनुसार प्रत्येक पाळीत किमान किती कक्षसेवक असावेत, हे राज्याने ठरवून जाहीर करावे. नेमणुकीपूर्वी प्रशिक्षण सक्तीचे करावे आणि ही पदे कंत्राटातून वगळावीत. कक्षसेवकाची निरीक्षणे रुग्णाच्या कागदपत्रांत नोंदविण्याची सोय व्हावी. मारहाण झेललेल्या सेवकाला रजा, उपचार आणि समुपदेशन हक्काने मिळावे. ठाकुर्लीचे ते कुटुंब मुलाला सोडून परतीची लोकल पकडते, तेव्हा त्याने विश्वास ठेवलेला असतो तो एका अनोळखी मामावर. तो विश्वास सार्थ ठरविण्याची जबाबदारी त्या मामाच्या एकट्याच्या शिरावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही.