'झुंड'चं नागपूर मैदानावर शोधा

नागराज मंजुळेंचा 'सैराट' 29 एप्रिल 2016 ला झळकला आणि तो जिथं चित्रित झाला त्या करमाळा तालुक्याची वाट पोरांच्या मोटारसायकलींनी धरली. सिनेमातले आर्ची-परशा भेटले ती विहीर कुठली, ते झाड कुठलं, अशी विचारपूस गावोगाव सुरू झाली. गेलेल्याला काही ना काही सापडतही होतं, कारण विहीर सिनेमाच्या आधीपासून तिथेच होती.

नागराज मंजुळेंच्याच 'झुंड'चं तसं नाही. त्याचा पहिला सेट लागला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मैदानावर. वाद झाला, सेट उतरवावा लागला. पुढे डिसेंबर 2018 मध्ये अमिताभ बच्चन नागपुरात आले, मोहननगरात कॅमेरा लागला आणि बघ्यांची झुंबड उडाली. 4 मार्च 2022 ला सिनेमा प्रदर्शित झाला, तेव्हा सेट कधीच निघून गेला होता.

मग चाहत्यानं बघायचं काय?

या सिनेमातली सर्वांत बोलकी जागा म्हणजे एक भिंत. अलीकडे वस्ती, पलीकडे कॉलेजचं मैदान. भर पावसात पोरं प्लास्टिकचा डबा लाथाडत खेळतात आणि शिक्षक विजय बोराडे थबकून बघत राहतात. हे पटकथेत सुचलेलं नाही. 2001 मध्ये हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी नागपुरात पावसात फुटकी बादली तुडवणारी मुलं पाहिली, त्यांच्या हाती फुटबॉल दिला आणि त्यातून 'स्लम सॉकर' उभं राहिलं. शहराच्या वेशीवरच्या बोखाऱ्यात आजही या संस्थेचं काम चालतं. बेघरांच्या विश्वचषकापर्यंत इथली मुलं पोचली. पडद्यावरची पोरंही याच शहराच्या वस्त्यांतली. त्यांतल्या अंकुश गेडामला 2023 मध्ये पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

म्हणूनच 'झुंड'चं खरं ठिकाण म्हणजे चालू असलेला खेळ. गड्डीगोदाम किंवा मोहननगरसारख्या नागपूरच्या वस्तीतल्या गल्लीत शिरून कुणाच्या दारावर, नळावरच्या बायांवर मोबाईल रोखणं म्हणजे सिनेमा न कळणं. ती माणसं देखावा नव्हेत. संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभं राहावं, सामना बघावा, गोल झाला की टाळी वाजवावी. पोरांनी बोलावलं तर चार किका माराव्यात.

नागपूरनंही हा वारसा आपला म्हणायला हवा. मोहननगर ते बोखारा अशी फेरी सहज आखता येईल. जागोजागी मराठी-हिंदीत माहितीचे फलक लावावेत, त्यांवर बारसे सरांचं काम आणि येत्या सामन्यांच्या तारखा असाव्यात. आणि फलकांच्याही आधी महापालिकेनं एक करावं: वस्त्यांलगतची मैदानं लग्नाच्या मांडवांना, प्रदर्शनांना देताना संध्याकाळी चार ते सात ही वेळ मुलांच्या खेळासाठी लेखी राखून ठेवावी.