खेळाला घड्याळ लागले, बिलाला केव्हा?

बेसबॉलशी आपल्या व्यापारउदिमाचा काय संबंध, असे कोणी विचारील. पण अमेरिकेतील या व्यावसायिक खेळाने वेळेचा जो हिशेब मांडला, तो भोसरी-चाकणच्या लहान कारखानदार बांधवांनी समजून घेण्यासारखा आहे.

२०२२ साली बेसबॉलचा एक सामना सरासरी ३ तास ४ मिनिटे चाले. त्यात प्रत्यक्ष खेळ किती? ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१३ मध्ये मोजला, तेव्हा तो जेमतेम १८ मिनिटे भरला. बाकीचा वेळ चेंडू हातात घेऊन विचार करण्यात, फलंदाजाने हातमोजे आवळण्यात, खेळाडू बदलण्यात आणि जाहिरातींत जाई. थांबणाऱ्याचे काही बिघडत नव्हते. खोळंबा प्रेक्षकाचा होई. २०२३ मध्ये घड्याळ लावले. बेस मोकळे असतील तर १५ सेकंद, बेसवर खेळाडू असेल तर २०. पुढच्या वर्षी हे २० चे १८ झाले. उशीर चेंडू फेकणाऱ्याचा असो की फलंदाजाचा, दंड दोघांनाही. २०२३ मध्येच सामना २ तास ४० मिनिटांवर आला.

आपल्या जॉबवर्कचेही असेच आहे. लेथवरचे काम दोन दिवसांत निघते. माल तासभर उशिरा पोचला तर कंपनीतून फोन येतो. बिल मात्र ‘साहेब रजेवर आहेत’, ‘पुढच्या महिन्यात पाहू’ यातच अडकते. घड्याळ एकाच बाजूला आहे.

वास्तविक २००६ च्या लघुउद्योग कायद्याने खरेदीदारालाही मुदत घातली आहे. लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवस, नसल्यास १५. उशिराबद्दल चक्रवाढ व्याज मिळते. व्याज नको म्हणून आपले पुष्कळ बांधव हा हक्कच सोडून देतात. हे बरोबर नाही. १ एप्रिल २०२४ पासून आयकरात आलेल्या तरतुदीप्रमाणे मुदत चुकविणाऱ्या खरेदीदाराला ती रक्कम, चुकती करीपर्यंत, खर्चात दाखविता येत नाही. म्हणजे व्याजाला हात न लावताही आपले पैसे वेळेवर मागता येतात. मात्र आपली उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून हवी. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हा लाभ नाही.

तेव्हा बांधवांनी नोंदणी करावी, माल देतानाच बिल द्यावे, चलनावर तारखेसह पोच घ्यावी आणि मुदत लेखी ठरवावी. आणि हेच घड्याळ आपल्या कारागिरांच्या पगारालाही लावावे. घाम सुकण्यापूर्वी मजुरी द्यावी, ही शिकवण कंपनीवाल्यांइतकीच आपल्यालाही लागू आहे.