ड्रॅगनचे हिट पॉइंट वाढवून काय होणार?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळणाऱ्या ग्रुपचा रविवार ठरलेला असतो. कुणी घाटकोपरहून मेट्रो १ ने येतं, कुणी बीकेसीहून मेट्रो ३ ने. मरोळ नाक्याला सगळे जमतात आणि कुणाच्या तरी हॉलमध्ये फासे पडायला लागतात. वर्षभर खेळून पात्रं सतराव्या लेव्हलला पोचतात. आठवडाभर खपून डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, लाल ड्रॅगन उभा करतो आणि तो दुसऱ्याच राउंडला आडवा होतो! पुढच्या वेळी डीएम चिडून त्याचे हिट पॉइंट दुप्पट करतो. आता लढाई दोन तास चालते, पण मजा अर्ध्या तासात संपलेली असते. मग कुणाचं सबमिशन निघतं, कुणाची इंटर्नशिप. 'या रविवारी जमेल ना?' या मेसेजखाली नुसत्या निळ्या टिका उरतात.

ग्रुप फुटल्याचं खापर आपण अभ्यासावर फोडतो. पण बऱ्याचदा खरं कारण टेबलावरच असतं: वरच्या लेव्हलच्या लढायांचा बिघडलेला तोल.

हिशेब बघा. २०१४ च्या आवृत्तीत प्रौढ लाल ड्रॅगनचं चॅलेंज रेटिंग १७ आहे आणि हिट पॉइंट २५६. कागदावर तो सतराव्या लेव्हलच्या टीमच्या तोडीचा वाटतो. पण त्या लेव्हलचा फायटर एका पाळीत तीन वार करतो आणि खास ताकद वापरली तर सहा. जादूगार एका मंत्राने शत्रूला दुसऱ्या जगात हाकलू शकतो. म्हणूनच फसलेला बचाव दिवसातून तीनदा यशस्वी करायची मुभा ड्रॅगनला दिलेली आहे. तरीही तो एकटा आणि समोर पाच जण. चक्रव्यूहात अभिमन्यू ताकदीत कमी पडला नव्हता, त्याला अनेक महारथींनी एकदम घेरलं होतं. तुमच्या टेबलावर अभिमन्यूची गत ड्रॅगनची होते.

दुसरी गोम वेळेची. २०१४ च्या डन्जन मास्टरच्या पुस्तकाने साहसाच्या एका दिवसात सहा ते आठ लढाया धरल्या होत्या. रविवारच्या चार तासांत आपली होते एक. साहजिकच सगळे आपले सगळ्यात मोठे मंत्र पहिल्याच राउंडला उडवून मोकळे होतात.

यावर उपाय आपल्याच इतिहासात आहे. जुलै १६६० मध्ये बाजीप्रभू घोडखिंडीत उभे राहिले ते सगळा शत्रू संपवायला नव्हे. महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत खिंड अडवायची, एवढंच काम होतं. अरुंद वाट आणि सरकता वेळ, त्या लढाईचा सगळा थरार या दोन गोष्टींत आहे.

तुमची पुढची लढाई अशी रचून बघा. पाच राउंडमध्ये पूल कोसळणार आहे आणि पलीकडे गावकरी अडकलेत. फायटरने वाट अडवायची, चोराने दरवाजाचं कुलूप उघडायचं, क्लेरिकने जखमींना सांभाळायचं. जादूगाराने मोठा मंत्र शत्रूवर वापरायचा की पुलावर, हे त्याने ठरवायचं. ड्रॅगनसोबत चार किरकोळ साथीदार द्या. आणि संध्याकाळी अजून दोन लढाया बाकी आहेत, हे आधीच सांगून टाका.

दोन पथ्यं मात्र पाळा. पडद्याआड गुपचूप आकडे बदलू नका. एकदा पकडले गेलात की पुढच्या कुठल्याच फाशावर कुणाचा विश्वास राहत नाही. आणि दरवेळी उडण्यावर, गायब होण्यावर बंदी घालू नका. वर्षभर खेळून कमावलेली ताकद वापरायलाच मिळाली नाही, तर कमावली कशाला? कधीतरी ड्रॅगन दोन राउंडमध्ये मेला तर मरू दे, पोरांना टाळ्या वाजवू दे.

जिंकण्या-हरण्याची शक्यता निम्मी-निम्मी असणं म्हणजे तोल नव्हे. आपली पाळी नसताना कोण मोबाइलमध्ये डोकं घालून बसलंय, ते बघा. डीएम असाल, तर पुढची लढाई त्याला समोर ठेवून रचा. खेळाडू असाल, तर आपली पाळी झटपट उरका आणि त्याला विचारा, 'तू काय करणार?'