नगरची मंडळी आणि आपली मराठी

आपल्या गोव्यात मराठी म्हणजे हिंदूंची आणि कोंकणी म्हणजे ख्रिस्तांवांची, अशी एक सोयीची वाटणी होऊन बसली आहे. ती खोटी आहे हे सांगायला स्टीफन्सचे १६१६ सालचे 'क्रिस्तपुराण' पुरेसे आहे. पण मला आज आठवते आहे ती नगरची मंडळी.

इंग्लंडात स्क्रूबी नावाचे छोटेसे गाव आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी तिथले काही लोक राजाच्या चर्चपासून फुटले. बिशप नको, आमची मंडळी आम्हीच चालवू, एवढेच त्यांचे म्हणणे. छळ झाला, ते हॉलंडला गेले, आणि १६२० साली त्यांतले काही 'मेफ्लॉवर' जहाजाने अमेरिकेत पोहोचले. या विचाराचा काँग्रिगेशनल पंथ तिथे वाढला. त्याचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला आणि १८३१ मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) आले. १८३३ मध्ये नगरची पहिली मंडळी उभी राहिली.

पुढे १८४२ मध्ये नगरला 'ज्ञानोदय' निघाले. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजने लिहिली. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' तर आपण सर्वांनीच वाचली आहेत. फुटून निघण्याची परंपरा टिळकांनीही पाळली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली.

मिशनकडे अमेरिकेचा पैसा होता, हे मान्य. उत्तर भारतातील चर्च १९७० मध्ये एकत्र आली तेव्हा या मंडळ्यांवरही बिशप आले, हेही खरे. तरीसुद्धा मुळातली कल्पना मोलाची वाटते. मंडळीचा कारभार मंडळीनेच करायचा, तर तो तिच्या भाषेत करावा लागतो. आपल्याकडे उलट घडले. धर्म सत्तेबरोबर वरून आला आणि १६८४ मध्ये लोकांची भाषाच बंद करण्याचा हुकूम निघाला.

म्हणून मराठीवाल्यांना, म्हणजे मलाही, एक विचारावेसे वाटते. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून आम्ही सरकारकडे डोळे लावून बसलो आहोत. राजाश्रय जरूर मागावा. पण गावोगावची वाचनालये, भजनी मंडळे, नाट्यमंडळे ही आपली 'मंडळी'च आहेत. ती आपल्या वर्गणीवर आणि आपल्या हिमतीवर चालली, आणि तिथे शेजारच्या ख्रिस्तांवालाही पाट मांडला, तर मराठीला कुणाच्या हुकुमाची वाट पाहावी लागणार नाही.